चारचौघांत बोलायची भीती: वहिनींना ग्रामसभेत स्वतः बोलायचंय

मृद्गंधा

नमस्कार मंडळी. हा धागा वहिनींसाठी काढतेय, त्यांना विचारूनच.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात. वहिनी गेल्या निवडणुकीत थेट सरपंच म्हणून निवडून आल्या, जागा महिलांसाठी राखीव होती. बचत गटाचे हिशेब कितीतरी वर्षं त्याच सांभाळतात. गटाच्या बैठकीत बायकांसमोर इतक्या मुद्देसूद बोलतात की ऐकत राहावं. पण ग्रामसभेत माईक समोर आला की घसा कोरडा पडतो, हात थरथरतात, आवाज आतल्या आत जातो. मग शेजारी बसलेला माझा दादा माईक घेतो आणि पुढचं सगळं तोच बोलतो. दादाच्या मनात वाईट काही नाही, बायकोची फजिती होऊ नये एवढंच.

परवा वहिनी मला म्हणाल्या, "नळ योजनेची फाईल मला पानापानाने माहीत आहे. मग उत्तर त्यांनी का द्यायचं?" योजनेच्या टाकीचं काम रखडलंय. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्याबद्दल त्यांना स्वतः बोलायचंय. समोर शे-दीडशे माणसं असतील, त्यात सासऱ्यांच्या वयाचे बरेच.

आज जून सुरू झालाय, म्हणजे हाताशी वेळ आहे. "आत्मविश्वास बाळगा" हे सगळे सांगतात. तो आणायचा कसा ते कोणीच सांगत नाही. ज्यांची भीती खरोखर कमी झाली, त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. संध्याकाळी मी वहिनींना फोनवर वाचून दाखवणार आहे.

केतकी_पुणे

वाचतेय. मलाही हवंय हे उत्तर.

रानवारा

वहिनींचं मनापासून अभिनंदन. फाईल पानापानाने माहीत असलेले सरपंच किती असतात! आमच्या गावात अडचण उलटी आहे, एकदा हातात माईक गेला की परत घ्यायला दोन माणसं लागतात. त्यातला थोडा धीटपणा तिकडे पाठवता आला असता तर बरं झालं असतं. :)

आनंदयात्री६२

चांगले वक्ते ऐकायला सांगा. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, ती आजही चालू आहे. मी तरुणपणी दर मे महिन्यात तिथे जाऊन बसायचो. मांडणी कशी करावी, कुठे थांबावं, हे कानावर पडून पडून कळतं.

केतकी_पुणे

@आनंदयात्री काका, मला मात्र मोठे वक्ते ऐकले की आणखी धडकी भरते. आपण असं कधीच बोलू शकणार नाही असं वाटतं. मांडणी शिकायला ठीक आहे, भीतीवर त्याचा उपयोग होईल असं नाही वाटत.

टाळकरी

मी वारकरी कीर्तन करतो. पहिल्या कीर्तनाच्या आधी दोन रात्री झोप नव्हती. पण आमच्या परंपरेत नवख्या माणसाला सांभाळून घेणारी फार चांगली रचना आहे, तेवढी सांगतो.

कीर्तनकार उभा राहिला की लगेच स्वतःचं बोलायला लागत नाही. आधी "जय जय रामकृष्ण हरी"चं भजन होतं, मग रूपाचा, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा अभंग. ते सगळ्यांना पाठ असतं आणि सगळे सोबत म्हणतात. निरूपणाचं पहिलं वाक्य येईपर्यंत घसा मोकळा झालेला असतो, श्वास पोटातून चालू झालेला असतो, आणि समोरची माणसं आपल्याबरोबर एकदा गायलेली असतात. पुढे कुठे अडखळलं तर कीर्तनकार अभंगाचा चरण धरतो, म्हणजे तीच ओळ गातो, मागचे टाळकरी तो उचलतात, तेवढ्यात पुढचा मुद्दा आठवतो. थांबणं हा कीर्तनाचाच भाग असल्यामुळे ते कुणाला खटकत नाही.

१५ ऑगस्टला ध्वजवंदन असतंच. सरपंचबाईंनी राष्ट्रगीत ओठांतल्या ओठांत म्हणू नये, पूर्ण आवाजात म्हणावं. सभेलाही एखाद्या प्रार्थनेने सुरुवात करता आली तर करावी आणि त्यातही मोठ्याने गावं. बंद घशाने एकदम भाषणाला उभं राहू नये. आणि मागे टाळकरी हवेत. गटातल्या दोन-तीन बायकांना समोरच बसवा. वहिनी थांबल्या की त्यांनी "हो, बरोबर आहे" म्हणायचं.

मृद्गंधा

@टाळकरी, हे फारच आवडलं. वहिनी हरिपाठ रोज म्हणतात आणि आवाज खणखणीत आहे.

मनोमनी

मी समुपदेशक आहे, थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. ही भीती म्हणजे दुबळेपणा नव्हे. १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसावर ताण आणण्याची एक पद्धत बसवली. थोडी तयारी करू द्यायची, मग निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायला लावायचं आणि त्यानंतर पाच मिनिटं तोंडी वजाबाक्या करायला लावायच्या. एवढ्याने बहुतेकांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. ताणाच्या अभ्यासासाठी ही पद्धत आजही जगभर वापरतात. म्हणजे वहिनींचं शरीर जे करतंय ते धडधाकट माणसाचं शरीर करतंच.

भीती टिकून का राहते, याबद्दल क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला रोजच्या कामात पटत आलंय. घाबरलेल्या माणसाचं लक्ष स्वतःकडे वळतं. माझा हात थरथरतोय, माझा आवाज कापतोय. समोरच्यांचे चेहरे दिसेनासे होतात आणि आतून जसं वाटतं तसंच बाहेर दिसत असणार अशी खात्री होते. मग माणूस बचावाचे उपाय करतो. कागदात डोकं घालणं, भराभर बोलून संपवणं, कुणाच्या नजरेला नजर न देणं. त्या वेळेपुरतं बरं वाटतं, पण "कागद होता म्हणून निभावलं" हीच समजूत पक्की होते आणि भीती तिथेच राहते.

मृद्गंधा, तुमच्या वहिनींचा सगळ्यात मोठा बचाव म्हणजे तुमचे दादा. त्यांनी माईक घेतला की वहिनींची सुटका होते आणि मनावर नोंद होते की ते होते म्हणून वाचले. त्यामुळे दादांची खुर्ची हलवणं हा उपचाराचाच भाग समजा.

दुसरं म्हणजे, आतली घालमेल लोकांना आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच कमी दिसते. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही वक्त्यांना बोलण्याआधी नेमकं हेच समजावून सांगितलं होतं. ज्यांना ते सांगितलं त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. म्हणून वहिनींचं बोलणं मोबाईलवर चित्रित करा आणि त्यांना दाखवा. बघायच्या आधी मात्र विचारा, "हात किती थरथरला असेल?" मग बघू द्या.

शिंपले

माझ्या मावसभावाला इंटरव्ह्यूच्या आधी डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल दिली होती. थरथर एकदम थांबली. एका गोळीचं काम आहे, इतकी उठाठेव कशाला?

डॉ_कोकणस्थित

@शिंपले, कृपया असं सुचवू नका. प्रोप्रॅनोलॉल हे मुळात हृदयविकार आणि रक्तदाबासाठीचं औषध. हे शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. धडधड आणि थरथर त्याने कमी होते हे खरं, आणि काही वादक व वक्ते डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेतातही. पण दमा असणाऱ्यांना त्याने जिवावर बेतू शकतं. नाडी आधीच मंद असेल तरी धोका. तपासल्याशिवाय घ्यायची ही गोळी नव्हे, आणि कुणी दिली म्हणून तर मुळीच नव्हे. शिवाय तिने शरीर शांत होतं, मनातली भीती जात नाही. पुढच्या सभेला पुन्हा गोळी शोधावी लागेल.

शिंपले

दम्याचं माहीत नव्हतं. धन्यवाद डॉक्टर.

गुरुजी_निवृत्त

बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेतली. माझं मत स्पष्ट आहे: पाठ करा. अक्षरन् अक्षर पाठ करा. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंतीच्या भाषणात जी मुलं पाठ करून यायची ती खाडखाड बोलायची. जी ऐनवेळी सुचेल ते बोलू म्हणायची ती खाली बघत बसायची. पाठांतराने जीभ वळते.

केतकी_पुणे

गुरुजी, आदर ठेवून असहमत. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" हे आजही झोपेत म्हणेन, पण त्या स्पर्धांनीच माझ्या मनात भीती बसवली. एक ओळ विसरली की पुढचं सगळं गेलं. बोलत असताना मी मनातल्या मनात पान उलटत असायचे, समोरचं कुणी दिसायचंच नाही.

मनोमनी

मी केतकीच्या बाजूने. ग्रामसभा म्हणजे स्पर्धा नव्हे, मध्येच प्रश्न येणार. पाठ केलेलं भाषण पहिल्या प्रश्नाला कोसळतं.

गुरुजी_निवृत्त

बरं, मग मधला मार्ग सांगतो. सगळं नको, पण पहिली तीन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य तरी पाठ असू द्या. भीती सगळ्यात जास्त पहिल्या अर्ध्या मिनिटात असते, आणि तेवढ्यात जीभ आपोआप चालायला हवी. मधलं मुद्द्यांवर. मुद्दे मोठ्या अक्षरांत, एका पानावर चारच. आणि केतकीताई, विसरलेल्या ओळीवरून मुलांना रागावणारे शिक्षक होते हे मला मान्य आहे. ते चूकच होतं.

केतकी_पुणे

हे पटलं. मनापासून धन्यवाद गुरुजी.

साउंडवाला_भाऊ

मंडप आणि साउंडचा धंदा आहे, रोज बघतो म्हणून सांगतो. निम्मी माणसं लोकांना नाही, माईकला घाबरतात. स्वतःचा आवाज कर्ण्यातून मोठा होऊन, तोही किंचित उशिरा परत आला की नवीन माणूस दचकतो आणि गप्प होतो.

वहिनींना सभेच्या आधी, माणसं यायच्या आत, माईकवर पाच मिनिटं बोलू द्या. गावातल्या बायकांची नावं घेऊ द्या, हरिपाठ म्हणू द्या, काहीही चालेल. कान सरावले पाहिजेत. माईक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या जरा खाली धरायचा. मान वळवली तर माईकही सोबत वळवायचा. माईक घेऊन कर्ण्यासमोर गेलं की शिट्टी वाजते. ती वाजली तर दोन पावलं मागे यायचं, माफी मागत बसायचं नाही, ते ऑपरेटरचं काम आहे. फुंकर मारून किंवा टिचकी मारून माईक तपासू नये, "हॅलो" म्हणावं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑपरेटरला सांगून एको पूर्ण बंद करायला लावा. गाण्यासाठी वाढवलेला तो तसाच ठेवतात, मग भाषणातला शब्द शब्दावर आदळतो आणि बोलणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय. जमलं तर स्टँड मागा, म्हणजे थरथरणारा हात मोकळा राहील. सुटा कागद हातात धरू नका, माईकजवळ त्याची फडफड ऐकू येते. वही धरा, पुठ्ठ्याची.

रानवारा

भाऊ, ही माहिती खरंच कुठे मिळत नाही. एकोबद्दल १०० टक्के सहमत.

निळा_डोंगर

मला लहानपणापासून तोतरेपणा आहे, त्यामुळे माझी भीती थोडी वेगळी होती. कुठल्या अक्षरावर अडणार ते आधीच कळायचं आणि मी शब्द बदलत राहायचो. त्यात म्हणायचं असायचं ते राहूनच जायचं. पुढे वाक्‌-उपचारतज्ज्ञांनी मला मुद्दाम अडखळायला शिकवलं. दुकानात जाऊन स्वतःहून अडखळत साखर मागायची आणि समोरच्याकडे बघत राहायचं. जे लपवत होतो ते उघड्यावर आणल्यावर त्याची ताकद गेली. आजही अडखळतो, पण वर्षाला डझनभर प्रशिक्षणं घेतो.

वहिनींना एक सांगेन. आवाज कापला तर तो लपवायला घाई करू नका. कापऱ्या आवाजातच पुढचं वाक्य पूर्ण करा. लोक मुद्दा ऐकायला आलेले असतात.

आनंदयात्री६२

यावरून गांधीजी आठवले. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यात ते उलटतपासणीला उभे राहिले आणि एक प्रश्नही विचारता आला नाही. डोकं गरगरायला लागलं. पक्षकाराला दुसरा वकील करायला सांगून ते निघून गेले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या बैठकीत तर त्यांचं लिहिलेलं भाषण दुसऱ्याने वाचलं होतं. बुजरेपणामुळे आपण शब्द जपून वापरायला शिकलो, असंही ते म्हणतात.

डॉ_कोकणस्थित

आणि दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर प्रिटोरियातल्या भारतीय लोकांपुढे त्यांनी पहिलं सार्वजनिक भाषण केलं. तिथे पोटतिडकीचा विषय होता. वहिनींकडेही तसा विषय आहेच.

आयटीकर

टोस्टमास्टर्सचा, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांचा, उल्लेख कुणी केला नाही? १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालं, पुण्या-मुंबईत भरपूर क्लब आहेत. हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवून वेळ सांगतात, "अं... अं..." किती वेळा केलं ते मोजायलाही माणूस असतो. ऐनवेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं. मला प्रचंड फायदा झाला.

रानवारा

ते शहरात आणि बरंचसं इंग्रजीत. सांगलीच्या दुष्काळी गावात वहिनी कुठे शोधणार?

आयटीकर

खरंय, पण पद्धत उचलता येते. गटाच्या बैठकीत शेवटी चिठ्ठ्या टाका, प्रत्येकीने उभं राहून दोन मिनिटं बोलायचं. विषय साधे: रेशन, शाळेचा पोषण आहार, एसटीची वेळ. बसून बोलणं आणि उभं राहून बोलणं यात मोठा फरक आहे. वहिनी गटात बसून बोलतात ना?

मृद्गंधा

@आयटीकर, हो! बसूनच बोलतात. हे लक्षातच आलं नव्हतं. या आठवड्यापासून उभ्या राहणार म्हणाल्या.

आणि एक. वहिनी म्हणतात की भीती बोलायची नाही, बोलून झाल्यावर पारावर काय बोलतील त्याची आहे. आणि मध्येच उठून कुणी वेडावाकडा प्रश्न विचारला तर?

जुनी_सरपंच

मृद्गंधाताई, मी यवतमाळ जिल्ह्यातली, पाच वर्षं सरपंच होती. तुमच्या वहिनीचं दुखणं मला आतून माहीत आहे, म्हणून लांबलचक लिहिते.

पहिली गोष्ट. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचीच असते, तसं कायद्यातच आहे. पुष्कळ गावांत ती नुसती कागदावर होते, सह्या घरोघरी जाऊन घेतात. वहिनींनी ती खरोखर भरवावी. माईक लावून भरवावी, बायकाच असल्या तरी. तिथे नळ योजनेवर बोलायचं आणि ठराव घ्यायचा. मग मोठ्या सभेत उभं राहिलं की "मला वाटतं" म्हणावं लागत नाही, "महिला सभेने असा ठराव केला आहे" म्हणता येतं. माझी भीती तिथे निम्मी झाली. मी एकटी बोलत नव्हती, मागे सव्वाशे बायका होत्या.

दुसरी गोष्ट, आडवे प्रश्न. एक माणूस असतोच, उठतो आणि विचारतो, "बाई, इस्टिमेट किती होतं ते सांगा." उत्तर येत असेल तर आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं, स्पष्टीकरण देत राहायचं नाही. येत नसेल तर, "माहिती घेऊन पुढच्या मासिक सभेत मांडते. ग्रामसेवक, प्रोसिडिंगला लिहून घ्या." प्रोसिडिंग म्हणजे सभेचं इतिवृत्त. हे वाक्य आरशासमोर रोज म्हणायचं. प्रोसिडिंगला लिहा म्हटलं की उगाच बोलणारा माणूस बसतो, त्याचंही नाव लागणार असतं ना. आणि पुढच्या सभेत ते उत्तर न विसरता द्यायचं. मग गाव ऐकायला लागतं.

तिसरी गोष्ट, नवरा. माझे यजमानही शेजारी बसत. मीच त्यांना म्हटलं, तुम्ही मागे मतदारांत बसा आणि मतदार म्हणून मला प्रश्न विचारा. त्यांना काम मिळालं, मला सरावाचा एक प्रश्न मिळाला. पंचायतींत बायकांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली १९९३ मध्ये, महाराष्ट्रात ५० टक्के आरक्षण आलं २०११ मध्ये, आणि तरी खुर्ची बाईची अन् माईक नवऱ्याचा हे अजून चालतं, याचा मला फार राग येतो. कायद्याने खुर्ची दिली. माईक आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि वहिनी तो घेऊ म्हणतात याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पारावर बोलतातच. मी बोलत नव्हती तेव्हाही बोलायचे.

केतकी_पुणे

ताई, अंगावर काटा आला वाचताना.

टाळकरी

"मागे सव्वाशे बायका होत्या." हेच माझे टाळकरी!

मनोमनी

@जुनी_सरपंच, यजमानांना प्रश्न विचारायला लावणं ही युक्ती मी आता माझ्याकडे येणाऱ्यांनाही सांगणार. आधाराचं माणूस दूर करायचं पण तोडायचं नाही, हे फार सुंदर साधलंय.

शिंपले

सभेला माणसंच आली नाहीत तर?

जुनी_सरपंच

कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागतो: १५ टक्के मतदार किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. नाही भरला तर सभा तहकूब होते. पाण्याचा विषय दवंडीत आणि व्हॉट्सॲपवर ठळक सांगितला तर माणूस येतो, काळजी नको.

मृद्गंधा

मंडळी, मध्ये बरेच दिवस लिहिता आलं नाही. आज महिला सभा झाली.

माईक होता, एको बंद करून घेतला होता. वहिनींनी रिकाम्या मंडपात हरिपाठाचे दोन अभंग म्हटले, ते ऐकून चार म्हाताऱ्या लवकर येऊन बसल्या. पहिली तीन वाक्यं पाठ होती. तिसऱ्या वाक्यानंतर थांबल्या, बराच वेळ वहीत बघत राहिल्या. मी कडेला उभी होते, माझेच हात गार पडले. मग समोरून गटातली एकजण म्हणाली, "टाकीचं सांग की गं." आणि तिथून सुरू झाल्या त्या आकड्यांवर आल्या. जलजीवन या सरकारी नळपाणी योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळायला हवं, आपल्या वस्तीवर किती हंडे येतात, टाकीचं काम कुठल्या टप्प्यावर अडलंय. आवाज कापत होता, पण थांबल्या नाहीत. ठराव झाला, सह्या सभेतच झाल्या.

रात्री चित्रीकरण दाखवलं. @मनोमनी, तुम्ही सांगितलं तसं आधी विचारलं. म्हणाल्या, हात तर सगळ्यांना दिसला असेल. बघितल्यावर म्हणाल्या, "एवढंच?" आणि पुन्हा लावायला सांगितलं.

भीती गेली नाही म्हणतात. पुरुष असतील, सासरे असतील, ते वेगळंच. पण दादाने स्वतःहून मागच्या रांगेत बसायचं कबूल केलंय, प्रश्नही तयार केलाय.

आता एकच विचारायचंय. विषयपत्रिकेवर रोजगार हमीची कामं आणि घरकुलाची यादी आधी आहे, नळ योजना शेवटी. अध्यक्ष वहिनीच. क्रम बदलावा का?

गुरुजी_निवृत्त

बदलावा. शेवटपर्यंत वाट बघण्यात जीव अर्धा होतो. बोलायचं ते आधी बोलून मोकळं व्हावं.

जुनी_सरपंच

पाणी पहिलं घ्या. घरकुलाच्या यादीवर भांडणं होतात, एकदा ती सुरू झाली की पाण्याचं कोणी ऐकत नाही. उठल्यावर सरळ सांगायचं, "सभेच्या संमतीने नळ योजनेचा विषय आधी घेते." गटातल्या बायकांना "मंजूर" म्हणायला सांगून ठेवा. आणि महिला सभेच्या ठरावाची प्रत वहीत पहिल्या पानावर चिकटवा.

साउंडवाला_भाऊ

आणि माईकच्या बॅटरीचे सेल नवीन टाका. दोन जास्तीचे ठेवा.